पाच डॉलरचे चित्र आणि नांगराखाली गेलेले पीक

अमेरिकी चित्रकार ग्रँट वुडच्या ‘जानेवारी’ या शिळाछापात, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेल्या चित्रात, माणूस नाही. मक्याची ताटे कापून उभी केलेली बुचाडे शेतभर ओळीने मागे मागे गेली आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर बर्फाची जाड टोपी आहे, आणि अगदी पुढच्या बुचाडाच्या तळाशी जी काळोखी फट राहिली आहे तिच्याकडे सशाची पावले गेलेली दिसतात. एवढेच. चित्राचा आकार जेमतेम नऊ बाय बारा इंच, म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढा. १९३७ सालच्या या चित्राच्या २५० प्रती काढण्यात आल्या, खालच्या समासात वुडने पेन्सिलीने सही केली आणि न्यूयॉर्कच्या ‘असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स’ या संस्थेने त्या विक्रीला ठेवल्या. पाच डॉलरला एक प्रत हा या संस्थेचा सर्वत्र जाहीर केलेला दर होता. आज यांपैकी एखादी प्रत लिलावात आली तर काही हजार डॉलर मोजावे लागतात.

लिलावाच्या सूचीत आणि संग्राहकांच्या बोलण्यात हा प्रवास यशाची गोष्ट म्हणून येतो: एके काळी पाच डॉलरला मिळणारे चित्र पाहा कुठे जाऊन पोहोचले! मला ही गोष्ट फसलेल्या बेताची वाटते. ज्या चित्राने सामान्य माणसाच्या भिंतीवर जायचे असे जाहीरपणे सांगितले होते, ते जर नव्वद वर्षांनी पुन्हा श्रीमंतांच्या तिजोरीत आणि संग्रहालयांच्या बंद पेट्यांत सापडत असेल, तर बेतात कुठेतरी खोट होती. ती खोट नंतरच्या बाजाराच्या हावरेपणात शोधणे सोपे आहे, आणि बहुतेक टीकाकार तिथेच थांबतात. माझ्या मते ती पहिल्या दिवसापासून होती, आणि २५० या आकड्यात होती.

काळ लक्षात घ्यायला हवा. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्याबरोबर चित्रांचे गिऱ्हाईकही गेले. त्याच सुमारास अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या तीन चित्रकारांची नावे एकत्र घेतली जाऊ लागली: आयोवाचा ग्रँट वुड, मिसूरीचा थॉमस हार्ट बेंटन आणि कॅन्ससचा जॉन स्ट्युअर्ट करी. पॅरिसकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आपल्या मुलखातली शेते, वादळे, बाप्तिस्मे, नांगरट आणि गावकीची भांडणे रंगवावीत, असा यांचा आग्रह. डिसेंबर १९३४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने बेंटनचे आत्मचित्र मुखपृष्ठावर छापले, तेव्हा या प्रदेशवादी चित्रकलेला देशभर नाव मिळाले. त्याच वर्षी रीव्ह्ज लेवेंथल या जाहिरातीच्या व्यवसायातून आलेल्या माणसाने चित्रकारांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. तुम्ही दगडावर चित्र काढा, आम्ही प्रती काढून डिपार्टमेंट स्टोअरमध्ये, आणि पुढे टपालानेही, प्रत्येकी पाच डॉलरला विकू. एका आवृत्तीचे तुम्हाला २०० डॉलर मिळतील.

मंदीच्या दिवसांत २०० डॉलर ही चेष्टा नव्हती, आणि लेवेंथलला नुसता धंदेवाईक म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. त्याने गॅलरीचा दरवाजा ओलांडायला बिचकणाऱ्या माणसाला चित्र विकले. तरीही हिशेब मांडून पाहावा. २५० प्रती, पाच डॉलर दराने, म्हणजे १,२५० डॉलर. त्यांतले २०० चित्रकाराचे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर १९३८ साली अमेरिकेत जेव्हा पहिल्यांदा देशभरासाठी किमान वेतन ठरले तेव्हा ते ताशी २५ सेंट होते. म्हणजे त्या वेतनावरच्या मजुराला एका चित्रासाठी २० तास राबावे लागले असते. महागाई धरून त्या पाच डॉलरचे आज साधारण ११० होतात. तेव्हा ‘सामान्य माणूस’ म्हणजे शाळाशिक्षक, दवाखाना चालवणारा डॉक्टर, बँकेतला कारकून. चित्रात नांगर धरलेला माणूस त्या गिऱ्हाइकांत क्वचितच असणार. आणि मध्यपश्चिमेच्या मातीची ही चित्रे विकली जात होती मॅनहॅटनमधल्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरून. छापलीही जात होती न्यूयॉर्कमध्येच, जॉर्ज मिलर या निष्णात मुद्रकाच्या हातून. प्रदेशवादातली ही विसंगती त्या काळीही लोकांच्या लक्षात आली होती. मी तिच्यावर फार वेळ घालवणार नाही.

मुद्दा संख्येचा आहे आणि संख्या समजायला दगड समजायला हवा. लिथोग्राफला आपल्याकडे शिळाछाप म्हणत आणि हा शब्द मूळ शब्दाइतकाच नेमका आहे. चुनखडीचा बारीक कणांचा दगड घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, डिंक आणि किंचित आम्ल लावून ते पक्के करायचे. मग दगड ओला केला की रिकाम्या जागी पाणी धरते आणि तेलकट रेषेवर धरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई रेषेवर बसते आणि ओल्या जागी बसत नाही. कागद ठेवायचा, दाबयंत्रातून काढायचा. दर प्रतीला पुन्हा पाणी, पुन्हा शाई. खोदकाम नाही, उठाव नाही. सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या वैराचा. म्हणूनच वुडच्या बर्फावर खडूचा तो रवाळ, मखमली करडा रंग दिसतो, जो लेखणीने किंवा कोरणीने येत नाही.

अशा दगडावरून किती प्रती निघतात? मिलरसारखा मुद्रक हाताने एकेक प्रत काढत असे आणि फिकट छटा हळूहळू भरत जाण्याची भीती असते, हे मान्य. पण एकोणिसाव्या शतकात ओनोरे दोमिएची व्यंगचित्रे पॅरिसच्या वर्तमानपत्रांसाठी दगडावरूनच हजारोंनी छापली गेली. अमेरिकेतच करियर अँड आइव्ह्ज या कंपनीने १९०७ सालापर्यंत सात हजारांहून अधिक विषयांची शिळाछाप चित्रे काढली. लहान चित्र काही सेंटांना, मोठे एक ते तीन डॉलरला, आणि प्रतींवर कसलीही मर्यादा नाही. आपल्या पोथ्या आणि पंचांगे शिळाप्रेसवरच घरोघर गेली. लोणावळ्याजवळच्या मळवलीला रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींची गणती कोणी ठेवली नाही, सही केली नाही, दगड फोडले नाहीत. देवघरापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत त्या पोहोचल्या. आज त्यांच्याही जुन्या प्रती ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात हे खरे. पण ती टंचाई वाळवीने, ओलीने आणि काळाने केली आहे, छापखान्याने नव्हे.

तेव्हा २५० हा आकडा दगडाने ठरवलेला नव्हता, तो बाजाराने ठरवला होता. त्यामागचे तर्कट असे: प्रती फार निघाल्या तर ते कॅलेंडर होते, मोजक्या निघाल्या तर ती कलाकृती. घेणाऱ्याला एकाच वेळी दोन वचने दिली गेली. पहिले, की ही कला सर्वांसाठी आहे; दुसरे, की हे चित्र तुमच्याखेरीज फक्त २४९ जणांकडे असेल. ही दोन वचने एका घरात नांदू शकत नाहीत. ठरलेल्या प्रती झाल्या की दगड घासून चित्र पुसायचे किंवा त्यावर आडवी रेघ मारायची, ही मर्यादित आवृत्तीची रीत. ज्या दगडातून आणखी हजार घरांना चित्र मिळाले असते तो दगड घासला जातो तो किंमत राखण्यासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही.

हे वाक्य लिहिताना मला बेंटनच्या एका शिळाछापाची आठवण होते. १९३४ सालचे, याच संस्थेने काढलेले. त्याच्या नावाचा अर्थ ‘पीक नांगराखाली घालणे’. खेचरामागे नांगर धरून चाललेला एक शेतकरी, जमिनीकडे वाकलेला. आज कोणी पाहिले तर नेहमीची नांगरट वाटावी. पण त्या वेळच्या अमेरिकी वाचकाला त्या नावातली खोच तत्काळ कळत होती. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने शेतीमालाचे भाव सावरण्यासाठी कायदा केला, आणि तो मे महिन्यात मंजूर होईपर्यंत कापूस शेतात उभा राहिला होता. म्हणून सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून मातीत घालण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देण्यात आले. त्याच वर्षी सुमारे साठ लाख डुकरे भाव चढावेत म्हणून मारण्यात आली, आणि शहरांत लोक भाकरीसाठी रांगा लावून उभे होते. पिकाच्या ओळीवर पाय द्यायचा नाही ही सवय खेचरांच्या अंगवळणी पडलेली, त्यामुळे ती अडून बसत, अशी हकिकत तेव्हापासून सांगितली जाते. भरपाईचा मोठा भाग जमीनमालकांच्या हाती राहिला आणि वाट्याने कसणाऱ्या कुळांच्या, त्यांतही काळ्या कुळांच्या, पदरी फार थोडे पडले. या कायद्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘ट्रिपल ए’, आणि चित्रे विकणाऱ्या संस्थेचे आद्याक्षरी नावही तेच! योगायोग आहे, पण बोलका.

सरकारच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. कापसाचा भाव इतका पडला होता की वेचणीचा खर्च निघत नव्हता, आणि त्या कार्यक्रमानंतर भाव वर आला. टंचाई निर्माण केल्याने पिकवणाऱ्याचे पोट भरते, हा युक्तिवाद शेतीत निदान समजण्याजोगा आहे. चित्राच्या बाबतीत तोही टिकत नाही, कारण चित्रकाराला २०० डॉलर एकरकमी मिळाले होते. पुढच्या भाववाढीचा लाभ त्याला नाही, ज्याने पहिल्यांदा पाच डॉलरला घेतले त्यालाही बहुधा नाही. तो मधल्या दोन-तीन विक्रेत्यांना आणि ज्यांना थांबणे परवडले त्यांना मिळाला. वुड १९४२ साली कर्करोगाने गेला, पन्नाशीच्या आसपासच; त्याने १९३७ पासून केलेली जेमतेम १९ शिळाछाप चित्रे आज वेचून वेचून जमवली जातात.

त्या एकोणिसांतले एक चित्र तर या सगळ्या प्रकरणाचा अर्क आहे. उकाड्याच्या रात्री दिवसभर राबलेला शेतमजूर जनावरांच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून अंगावर बादली ओततो आहे. अंगावर कपडा नाही, समोरून दिसतो. वुडला ते मध्यपश्चिमेच्या लहानपणीचे साधे, रोजचे दृश्य वाटले. अमेरिकी टपाल खात्याला ते अश्लील वाटले, आणि ते टपालाने पाठवण्यास मनाई झाली. टपालावर चालणाऱ्या विक्रीला त्यामुळे खीळ बसली, आणि २५० ऐवजी १०० प्रतींवरच आवृत्ती थांबली. परिणाम काय झाला? प्रती कमी म्हणून संग्राहकांची ओढ जास्त. सरकारी खात्याच्या सोवळेपणाने बाजारभावाची जी सेवा केली ती कोणत्याही जाहिरातदाराला जमली नसती. चित्र अडीचपट दुर्मीळ झाले म्हणून ते अडीचपट चांगले झाले का, हा प्रश्न लिलावगृहात कोणी विचारत नाही.

माझ्या म्हणण्यावर एक बळकट आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. आक्षेप असा, की किंमत चढली म्हणूनच हे कागद जगले. स्वस्त, मुबलक वस्तू माणूस सांभाळत नाही. करियर अँड आइव्ह्जची चित्रे लोकांनी रद्दीत घातली. आणि बाजाराऐवजी सरकारच्या हाती दिलेल्या कलेचे काय झाले, याचा दाखलाही त्याच काळात आहे. १९३५ पासून १९४३ पर्यंत चाललेल्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’मध्ये बेकार चित्रकारांना आठवड्याला सुमारे २४ डॉलर वेतन मिळे, आणि त्यांनी केलेली मुद्राचित्रे, म्हणजे शिळाछापासारखी छापून काढलेली चित्रे, विकली न जाता सरकारी शाळा, रुग्णालये, ग्रंथालये यांना वाटली जात. मला हा मार्ग पाच डॉलरच्या मार्गापेक्षा तत्त्वतः कितीतरी सरळ वाटतो. पण युद्ध आले, प्रकल्प गुंडाळला गेला, आणि न्यूयॉर्कमध्ये गोदामातली कित्येक तैलचित्रे जुन्या कॅनव्हासच्या भावाने भंगारवाल्याकडे गेली. काही म्हणे नळांना गुंडाळण्यासाठी! लोकांच्या मालकीचे म्हणजे कोणाच्याच मालकीचे नाही, हे तिथे दिसले.

हा दाखला मी मानतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मानत नाही. सरकारी गोदामात चित्रे मेली ती ती लोकांची होती म्हणून नव्हे, तर लोकांपर्यंत पोहोचली नव्हती म्हणून. शाळेच्या व्हरांड्यात आणि गावच्या ग्रंथालयात जी मुद्राचित्रे टांगली गेली त्यांतली अनेक टिकली, आणि आज अमेरिकी सरकारचे मालमत्ता खाते त्यांवर अजूनही आपला हक्क सांगते: वाटलेली चित्रे ही उसनी दिलेली होती, ती विकता येणार नाहीत, बाजारात दिसली तर परत घेतली जातील. म्हणजे एकाच दशकातले, एकाच तंत्राचे, पुष्कळदा एकाच चित्रकाराच्या हातचे दोन कागद आज दोन वेगळ्या कायद्यांखाली जगत आहेत. एकाची किंमत वाढते आणि दुसऱ्याला किंमतच नाही, कारण तो विकण्याजोगा नाही. मला दुसऱ्या कागदाचा हेवा वाटतो.

आता खरेदीदाराच्या बाजूचे थोडे. काही वर्षांपूर्वी आयोवातल्या एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातले सगळे सामान काढून टाकण्याच्या विक्रीत, मी ४० डॉलर देऊन चौकटीसकट एक ‘व्हिंटेज लिथोग्राफ’ घेतला. डोंगरउतारावरची गोल गोल झाडे, त्यांच्यामधून वळत गेलेला रस्ता, वुडच्या वळणाचे. घरी येऊन दहापट भिंग लावले. शिळाछाप असता तर भिंगाखाली खडूचे वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ असे कण दिसले असते, दोन कण सारखे नसते. इथे चार रंगांचे सारख्या अंतरावरचे ठिपके होते, लहान लहान फुलांसारख्या वर्तुळांत बसलेले. म्हणजे ऑफसेटवर छापलेली, पुष्कळ नंतरची नक्कल. विकणाऱ्याने खोटे सांगितले असे मात्र म्हणता येत नाही, कारण ऑफसेट हीदेखील तंत्रदृष्ट्या लिथोग्राफीच. फक्त दगडाच्या जागी धातूचा पत्रा आणि रबराचा रूळ. ‘लिथोग्राफ’ हा शब्द दोन्हीकडे खरा आहे आणि म्हणूनच तो इतका सोयीचा आहे.

कॅलिफोर्नियाने १९७० च्या सुमारास, आणि पुढे न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी, मुद्राचित्र विकताना माहिती उघड करण्याची सक्ती केली: कोणत्या तंत्राने छापले, सही खरी का छापील, प्रती किती. चांगलाच कायदा. पण शंभर डॉलरखालच्या चित्रांना त्यातून वगळले आहे, म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला फसवणे सर्वांत सोपे, त्यालाच संरक्षण नाही. प्रत मूळ आहे का नक्कल, हे सांगण्याला काही खर्च येत नाही. तेव्हा ही सूट कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही. माझी नक्कल मी परत केली नाही, ती भिंतीवर आहे आणि मला आवडते. तक्रार चित्राबद्दल नसून शब्दाबद्दल आहे.

‘व्हिंटेज’ या शब्दाबद्दलही तक्रार आहे. तो शब्द लागला की वादग्रस्त चित्रही घरगुती सजावट होते. करीने १९३४ साली ‘मॅनहंट’ नावाचे शिळाछाप चित्र केले: बंदुका आणि कुत्री घेऊन एका माणसाच्या मागावर निघालेला जमाव. झुंडशाहीने काळ्या माणसांचे बळी घेतले जात होते, त्या दिवसांतले हे चित्र. बेंटनचा तो नांगर सरकारी धोरणावर होता. अशी चित्रे आणि वुडची बर्फातली बुचाडे आज एकाच रकान्यात, ‘शेतघराच्या सजावटीसाठी उत्तम’ अशा शिफारशीखाली विकायला येतात. प्रदेशवादावर भाबड्या देशाभिमानाचा आरोप त्या काळीही होता, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण जुनेपणाचा मुलामा देऊन त्यांच्यातले भांडणच काढून टाकणे हा त्यापेक्षा मोठा अन्याय आहे. दुर्मीळ म्हणून जपलेली वस्तू निरुपद्रवी करून घ्यावी लागते. नाहीतर ती बैठकीच्या खोलीत कशी शोभणार?

मग करायचे काय? घासलेला दगड परत येत नाही, आणि खासगी मालकांच्या प्रती हिसकावून घ्याव्यात असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे सार्वजनिक संग्रहांबद्दल आहे. अमेरिकेतली मोठी संग्रहालये, विद्यापीठे, ग्रंथालये यांच्याकडे या संस्थेने काढलेली मुद्राचित्रे मोठ्या संख्येने आहेत आणि बहुतेक काळ ती पेट्यांत असतात. त्याला सबळ कारणही आहे. कागद प्रकाशाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणून कागदावरच्या कलाकृतींना साधारण ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचे माप) अधिक उजेड देऊ नये आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अंधारात ठेवाव्यात, असा दंडक आहे. एकमेव जलरंगचित्राच्या बाबतीत यावर काहीच उत्तर नाही: ते एक तर पाहायचे किंवा वाचवायचे.

पण मुद्राचित्र एकमेव नाही, आणि हीच गोष्ट आपण विसरतो. ‘जानेवारी’ची प्रत समजा वीस सार्वजनिक संस्थांकडे असेल, आणि त्यांनी आपापसांत एवढेच ठरवले की प्रत्येकीने पाच वर्षांतले तीन महिने आपली प्रत उजेडात द्यायची, तर पाच वर्षांच्या साठ महिन्यांत ते चित्र सतत कुठेतरी टांगलेले राहील आणि एकाही प्रतीला तीन महिन्यांहून जास्त ऊन लागणार नाही. एवढा सोपा हिशेब आजवर अमलात का येत नाही, याचे उत्तर पुन्हा दुर्मीळपणातच आहे: प्रत्येक संस्था आपली प्रत ‘आपली’ म्हणून पाहते, एका मोठ्या आवृत्तीचा भाग म्हणून पाहत नाही. आणि टांगायचेच तर मोठ्या शहरातल्या दालनातच का? ज्या गावांची ही चित्रे आहेत त्या गावांत ग्रंथालये आहेत, शाळा आहेत. विमा आणि देखरेख यांचा खर्च पुढे केला जाईल. तो आहे, पण त्यातला मोठा भाग चढलेल्या किमतीमुळेच आहे, आणि चित्र लोकांना न दाखवण्याचे कारण म्हणून त्याची किंमत पुढे करणे म्हणजे वचन मोडणाऱ्याने मोडलेल्या वचनाचाच दाखला देणे.

चित्रांच्या उत्तम डिजिटल प्रतिमा खुल्या करणे हा भाग तुलनेने सोपा आहे आणि तो सुरूही झाला आहे. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन, शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट यांनी हक्कमुक्त झालेल्या कृतींच्या प्रतिमा मोफत दिल्या आहेत. पण ‘हक्कमुक्त’ या अटीत १९३० नंतरची पुष्कळ अमेरिकी चित्रे अजून अडकलेली आहेत, आणि पडदा काही झाले तरी खडूचा रवा दाखवत नाही. पडद्यावर भागवावे असे मला वाटत नाही.

एका संग्रहालयाच्या मुद्राचित्र कक्षात मी आधी वेळ ठरवून ‘जानेवारी’ पाहिले. तिथे कोणालाही असे पाहता येते, फक्त ते फारसे कोणाला ठाऊक नसते. काळी पेटी आली, पातळ कागदाचा पदर उचलला गेला, आणि नऊ बाय बारा इंचांचा बर्फ टेबलावर उघडा झाला. पेन्सिल चालते, पेन चालत नाही. हात धुऊन यायचे, कडांना स्पर्श करायचा नाही. सशाची पावले मी मोजायला लागलो, कारण भिंतीवरच्या चित्रासमोर माणूस असले उद्योग करत नाही. शेजारच्या टेबलावर कोणी नव्हते. पेटी परत नेताना तिथल्या कर्मचारी बाईंना मी विचारले, याआधी हे कोणी मागवले होते? त्यांनी नोंद पाहिली. माझ्या आधीची मागणी तीन वर्षांपूर्वीची होती.